हालब्रुकबाईंचं झाड

ऑर्फा ट्रिव्हेट आधी मोज्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला, त्याच वर्षी नवरा होबर्ट गेला. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा डोंगरावरच्या झाडांशी भांडलेलं बरं, असं म्हणून ती टेरल व्हिटसनच्या नाताळच्या झाडांच्या मळ्यावर हंगामी कामाला लागली, त्याला सतरा वर्षं झाली. जुलैत लांब सुरे फिरवून फरच्या झाडांना निमुळता आकार द्यायचा, पायाशी गांधीलमाश्या उठल्या की सुरा टाकून पळायचं, नोव्हेंबर लागला की गिऱ्हाइकांना करवत द्यायची आणि कापून आणलेलं झाड नरसाळ्यातून ओढून जाळीत गुंडाळायचं. हातांचा चीक चरबीने चोळूनही नाताळ होईस्तोवर निघत नसे. तोंडाचा चावटपणा तर बारा महिने निघत नसे.

टेरलला तिने झबल्यात पाहिलेलं. त्यामुळे तो मालक असला तरी तिला मावशी म्हणायचा, आणि ती मालकाचं जमेल तितकं कमी ऐकायची.

त्या वर्षी वरच्या वाफ्यातली चाळीसेक झाडं बिघडली होती. एप्रिलमधल्या गोठलेल्या दहिवराने कुणाचा शेंडा जळून दोन शेंडे फुटले, कुणाची एक बाजू हरणांनी खाल्ली, कुणाला वाऱ्याने कुबड आलं. शार्लट शहराहून गाड्या भरून माणसं यायची, तासन् तास हिंडायची आणि या झाडांना नाकं मुरडून पुढे जायची.

"नवरा तिरका चालतो, पोरगं तिरकं बोलतं, झाड मात्र बायांना सरळसोट हवं," ऑर्फा नाबोरला म्हणाली.

नाबोर मेक्सिकोतल्या नायारितचा. दर हंगामाला यायचा, झाडं खांद्यावर टाकून उतरणीवर बकरीसारखा धावायचा. तो म्हणाला, "आजी, मालक म्हणतो ही सगळी कापून जाळायची."

"जाळतोय! दहा वर्षं वाढवली ती काय शेकोटीला?"

दुपारी तिने लाल फीत घेतली आणि सगळ्यात कुरूप, दोन शेंड्यांच्या झाडाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर लिहिलं : 'राखीव. श्रीमती हालब्रुक. कृपया हात लावू नये.' हालब्रुक नावाचं माणूस तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. साबणाच्या डब्यावर शोभेलसं वाटलं, म्हणून लिहिलं.

अर्ध्या तासात झाडापाशी तीन कुटुंबं उभी.

"हे असं दुसरं नाहीच का हो?" एकाने विचारलं.

"नाही बाबा," ऑर्फा तोंडावरची माशीही हलू न देता म्हणाली. "दोन शेंड्यांचं क्वचित येतं. ओळखणारे उन्हाळ्यातच चिठ्ठी लावून जातात. खाली एक कुबडं आहे, पण ते... जाऊ दे, तुम्हाला नाही परवडायचं. धीर लागतो त्याला."

कुबडं झाड पाच मिनिटांत गेलं. मग हरणांनी खाल्लेलं. संध्याकाळपर्यंत अकरा झाडांवर लाल फिती झुलत होत्या आणि आसपासची तसलीच बिनफितीची झाडं गाड्यांच्या टपांवर चढत होती. नाबोर जाळी ओढताना हसू दाबायचा, म्हणून त्याला उचकी लागली.

शनिवारी मात्र भलतंच झालं. पांढराशुभ्र कोट, डोक्यावर लोकरी टोपी, सत्तरीच्या घरातली एक बाई ऑर्फासमोर येऊन उभी राहिली.

"नमस्कार. मी श्रीमती हालब्रुक. माझं झाड राखून ठेवलंय ना, ते न्यायला आलेय."

ऑर्फाच्या हातातली करवत तशीच राहिली. चोरावर मोर! चिठ्ठीवरचं नाव वाचून बाई धडधडीत खोटं बोलतेय हे तिला ठाऊक. पण तसं म्हणावं तर आपलंच बिंग फुटतं. मागे नाबोरची उचकी पुन्हा सुरू झाली.

"हालब्रुकबाई!" ऑर्फा गोड हसली. "किती वाट पाहायला लावलीत! तुम्ही पत्रात धरलेला आग्रह लक्षात आहे बरं माझ्या."

"कुठला आग्रह?"

"झाड स्वतःच्या हाताने, जमिनीवर आडवं पडून कापणार म्हणून. तुमच्या घराण्याची रीतच ना ती?"

बाईने चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो तर. आजोबांपासून." आणि करवत घेऊन चिखलात आडवी झाली. पांढऱ्या कोटाचं पार पोतेरं झालं, टोपी फांदीत अडकली, पण झाड पडेपर्यंत पठ्ठी उठली नाही. ऑर्फाला आतून तिचं कौतुक वाटायला लागलं. तरी खोडी काही राहवेना.

"आता दुसऱ्याकडे चला."

"दुसऱ्याकडे?"

"अकरा राखून ठेवलीत ना तुम्ही. सगळ्यांवर तुमचंच नाव आहे."

बाईने वर पाहिलं. वाफाभर लाल फिती. तिचा चेहरा आधी पडला, मग थरथरला, आणि ती चिखलातच बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"बाई, माफ करा. माझं नाव कॉन्स्टन्स पेटिग्रू. तेहतीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होते. पोरांच्या थापा त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरून ओळखायची. आज जन्मात पहिल्यांदा मारली आणि तासाभरात पकडली गेले! त्या खऱ्या हालब्रुकबाईंना माझा निरोप द्या, मी त्यांची क्षमा मागते."

आता मात्र ऑर्फाची पंचाईत झाली. थापाड्याला थापाड्याने फसवलं तर चालतं. माफी मागणाऱ्याला फसवायचं म्हणजे देवळातला दिवा विझवण्यासारखं.

"ती कुठली असायला?" ती पुटपुटली. "ती मीच. म्हणजे कुणीच नाही. माझ्या डोक्यातली."

कॉन्स्टन्सबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमच्या कानांच्या पाळ्या आधीपासूनच लाल होत्या. म्हणून कळलं नाही."

"थंडीने सगळ्यांच्याच लाल असतात इथे."

मुख्याध्यापिका घरी गेली खरी, पण रविवारी पुन्हा हजर. एकटी राहायची, कंटाळली होती. फरच्या डहाळ्या बांधून सजावटीच्या माळा करण्यात ती अगदीच ढ निघाली; पण वरच्या वाफ्यात उभी राहून, शाळेच्या प्रार्थनेला लावायची तसल्या खणखणीत आवाजात, "अहाहा, किती दुर्मीळ कुबड!" असं म्हणायला तिच्यासारखी दुसरी नव्हती.

टेरलच्या कानावर गेलंच. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस तो. टोपी काढून आला.

"मावशी, हे खोटं आहे."

"मी एक शब्द बोलले नाही. चिठ्ठी बोलली."

"चिठ्ठी तुम्ही लिहिलीत!"

"मग माझं अक्षर सुधारलंय म्हण की. आणि कुठलं वाकडं झाड सरळ म्हणून विकलंय ते सांग. दोन शेंडे दिसतातच ना? लपवले का मी? फिती काढते हवं तर."

टेरलने काढायला लावल्या. ऑर्फाने निमूटपणे काढल्याही. पण शार्लटमध्ये बोभाटा होऊन गेला होता. नाताळच्या आदल्या रविवारी गाड्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत लागली आणि जो उतरेल तो विचारी, "वाकडी कुठे मिळतात?"

दुपारी टेरल रिकाम्या वरच्या वाफ्यात येऊन डोकं खाजवत उभा राहिला. खालच्या उतारावर शंभरेक झाडं, एकजात सरळ, हिरवीगार, एकही गिऱ्हाईक नाही.

"मावशी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आता या चांगल्यांचं काय करू?"

ऑर्फाने कॉन्स्टन्सबाईंकडे पाहिलं. त्या दोरी शोधत होत्या. "ओढून वाकवायची का एखादी?" त्यांनी विचारलं, आणि टेरल दोघींच्या मध्ये उभा राहून हात पसरून ओरडला, "खबरदार!"