हेडमास्तरांची गाठ

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात. सरडा आजारी पडला की मात्र सगळे हात वर करतात आणि या एकाच डॉक्टरणीकडे बोट दाखवतात. वस्तीत तिचं नावच पडलं होतं, पालवाली. सासूबाईंना ते भयंकर झोंबायचं. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. कोण काय घेऊन आलंय हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि बघितलं की त्या पाय वर घेऊन बसत.

त्या दिवशी शाळेच्या बसचा ड्रायव्हर बुटाच्या खोक्यातून हेडमास्तरांना घेऊन आला. हेडमास्तर म्हणजे हातभर लांबीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला पाळीव सरडा. दिवसभर दिव्याखाली बसून सगळ्यांकडे डोळे वटारून बघायचा, म्हणून ड्रायव्हरच्या बायकोनं हे नाव ठेवलेलं. ती वर्षापूर्वी गेली. आता घरात हे दोघंच. हेडमास्तरांच्या जबड्याखाली बोराएवढी गाठ आली होती. आधीच्या डॉक्टरनं तिच्यात सुई घातली, थेंबही आला नाही, म्हणून कॅन्सर सांगून तो मोकळा झाला. कायमचं झोपवून टाकू म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारला. अहो, सरड्याचा पू वाहतो कुठे? तो मेणासारखा घट्ट होऊन बसतो, सुईत काय कप्पाळ येणार! तिनं सरड्याला भूल दिली, गाठ पिशवीसकट काढली आणि चिरून दाखवली. आत पिवळट पूच होता. ड्रायव्हर हसला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पण तिथं थांबली तर ती कसली! पुवाभोवतीची ती पिशवी तिनं बाटलीत भरली आणि तपासायला पाठवते म्हणाली. पू मुळात कशानं झाला, हे कळल्याशिवाय ती कुणाला हसत घरी जाऊ देत नसे. ड्रायव्हरचा चेहरा आधी उतरला, मग तापला. पू डोळ्यांनी दिसला ना, मग आता कशाला उकरून काढता, रिपोर्टांची वाट बघून जीव विटलाय माझा, असं ताडताड बोलून तो खोकं उचलून चालता झाला. गिऱ्हाईक घालवण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, असं सासूबाईंनी आतून ऐकवलंच. तिलाही वाईट वाटलं. त्या माणसाच्या तोंडचं हसू आपण पुसलं, हे तिच्या मनातून जाईना.

रिपोर्ट आला. पिशवीच्या एका कोपऱ्यात खरंच कॅन्सर होता. पण अगदी लहान, कडेपर्यंत न पोचलेला, गाठीबरोबर सगळाच्या सगळा निघून आलेला. तिनं ड्रायव्हरला हेडमास्तरांसकट बोलावून घेतलं. अधूनमधून दाखवायला आणा, बाकी हेडमास्तर अजून पुष्कळ डोळे वटारतील, असं एका दमात सांगून ती बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली.

ड्रायव्हरनं सरड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"बायकोच्या मानेलाही गाठच होती," तो म्हणाला. "डॉक्टर साधी आहे म्हणाले, काढली आणि न तपासता टाकून दिली. पुढे रिपोर्टांवर रिपोर्ट झाले, पण तोवर उशीर झाला होता. तेव्हा तुमच्यासारखं कुणी अडून बसलं असतं, तर ती आज घरी असती."

तेवढ्यात आतून सगळं ऐकणाऱ्या सासूबाई पुढे आल्या. सरड्यांना खाऊ म्हणून ठेवलेल्या झुरळांच्या ज्या डब्याला त्यांनी आजवर कधी हात लावला नव्हता, त्यातलं एक चिमट्यात धरून, तोंड फिरवून उभ्या राहिल्या. हेडमास्तरांनी मान तिरकी केली, एक डोळा वटारला आणि झुरळ गट्ट केलं. ड्रायव्हर रडता रडता हसायला लागला.

"खाल्लं का?" सासूबाईंनी न बघताच विचारलं. "अजून एक देऊ?"