शेवटचं गिऱ्हाईक

वेन्डेल टकरला लास वेगासात कुणी जेवायला बोलवत नसे, पण कुठला कसिनो मोडीत निघतोय हे विचारायला पार लांबलांबून लोक त्याला गाठत. जन्मभर हॉटेलांच्या छतात शिरून एसी दुरुस्त केलेला हा माणूस. निवृत्त झाला आणि त्याला हा नाद लागला. कुठं गालिचा बदलला, कुठली खानावळ मिटली, की फोन घेऊन गडी हजर. अशा नादिष्टांचं एक टोळकंच होतं. बंद पडणाऱ्या जागेचं शेवटचं गिऱ्हाईक कोण झालं, यावर त्यांच्यात माणसाचा मान ठरे.

'कॉपर मून' कसिनो त्या दिवशी बंद होत होता. आतलं कॉफीघर दुपारी तीनला मिटणार, म्हणून वेन्डेल सकाळपासूनच कोपऱ्यातल्या बाकावर ठाण मांडून होता. समोर ऑर्विल, त्याच टोळक्यातला, कप कवटाळून.

"जा की घरी, म्हाताऱ्या. किती ढोसशील? मुतायला तरी उठ!"

"तू ऊठ आधी. बायको वाट बघत असेल."

"तीच म्हणालीय, हरून आलास तर दार उघडणार नाही."

कॉफी वाढणारी मार्व्हेला खळखळून हसली. उमेदीची सगळी वर्षं तिची याच टेबलांमधून फिरण्यात गेली होती. तीन वाजले तशी ती म्हणाली, "चला रे राजांनो, आवरा आता. आमची सगळी मंडळी बाहेर कसिनोच्या नावाच्या पाटीखाली फोटोला जमलीयत. क्रेनवाले पाटी उतरवायला टेकलेत."

"एवढा घोट," वेन्डेल म्हणाला.

"माझाही एवढाच," ऑर्विल म्हणाला.

गिऱ्हाईक बसलंय तोवर वाढणारीनं जागा सोडायची नाही आणि त्याला जबरदस्तीनं उठवायचंही नाही, हा तिथला नियम. दोघांनाही तो पाठ होता. मार्व्हेला पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिली. काचेतून पाटीखालची माणसं दिसत होती. स्वयंपाक्यानं टोपी काढून तिला हाका मारल्यागत हात हलवले. तिनंही हलवला. वेन्डेलनं ते पाहिलं, आणि कप ओठाला नुसता टेकवून परत खाली ठेवला.

शेवटी ऑर्विलच उठला. "घे बाबा, जिंकलास. पोट फुटायची वेळ आली."

वेन्डेलनं उरलेला घोट संपवला आणि घाईघाईनं रिकाम्या कपाचा व्हिडिओ काढून टोळक्याला धाडला. मार्व्हेला ॲप्रन न सोडताच बाहेर धावली. तोवर क्रेननं पाटी उचलली होती. निम्मी माणसं दुसऱ्या हॉटेलांतल्या पाळ्या गाठायला निघून गेली होती. स्वयंपाकीही तिला मिठी मारून निघाला.

वेन्डेल मागोमाग गेला. त्याचे कान तापले होते. "बाई, मी काढतो ना तुमचा फोटो."

"एकटीचा? तो काय करू, राजा?" आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसलं असतं. "तू विचारलं असतंस तर तुलाही उभा केला असता आमच्यात. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तू."

ती पर्स आणायला आत गेली. वेन्डेल तिथंच उन्हात उभा राहिला, मान वर होईना. फोन थरथरला. टोळक्याच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडत होता. ऑर्विलनं विचारलं होतं, 'बाई शेवटी काय म्हणाल्या रे?'

वेन्डेलनं एकदा कॉफीघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यानं लिहिलं, 'खूश होत्या.'


लगेच खाली टाळ्यांची रांग लागली.