साठवरचा काटा

शोकात माणसाला सत्याचाच आधार असतो, असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, तेव्हा आईला जाऊन सहा दिवस झाले होते. ते आमच्या गाडीच्या डिकीला दोन्ही हात टेकून वाकले होते आणि मी त्यांना "अजून जरासं ढकला, साहेब," असं सांगत होते.

गाडी माझ्या वडिलांची. जुनी, छोटी, फिकट निळी. आता ती रस्त्यात दिसली की कॉलेजची पोरं फोटो काढतात आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात. वडील बँकेच्या नोकरीत जळगावहून सुरतेला आले आणि निवृत्त झाल्यावरही डिंडोलीतच राहिले. त्या सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. मी सुट्टीला म्हणून त्यांच्याकडेच होते. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करू का, असं मी विचारलं. वडील म्हणाले, "ती येईपर्यंत आपण पोचू. गाडी खालीच आहे." मी आईला धरून मागे बसले. रिंग रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुधा हे वाक्य ते सगळ्यांनाच सांगत असावेत. वडिलांनी मात्र ते जन्मभर बँकेत काढलेल्या माणसासारखं ऐकलं. त्यांना आकडा हवा होता.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं असे आणि वडील प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगत. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: "साठनं नेली. काटा साठवर होता." समोरचा मान हलवी. साठ हा आकडा लोकांना पुरेसा वाटत होता.

पाचव्या दिवशी नवागामहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, कडोदऱ्याला लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. तो रडला, चहा प्याला आणि साठ ऐकून थांबला.

"दाजी, ही गाडी साठवर गयी व्हई?"

"काटा साठवर होता."

"काटा! होळीला आपण व्याऱ्याला गेलो तेव्हा काटा सत्तरवर होता, अन् एक पोरगी मोपेडवर आपल्याला मागं टाकून गेली. मागं पोत्यात बटाटे होते तिच्या. ताई किती हसली होती, विचारा हिला."

मी हो म्हणाले, कारण आई हसली होती. मामाने ते काही ठपका ठेवायला म्हटलं नव्हतं. त्याला बोलताना हात आवरता येत नाहीत, तसंच तोंडही. पण वडिलांनी कप खाली ठेवला आणि चप्पल शोधायला लागले.

दिवाळीच्या आधी त्या गाडीला दुसऱ्या जुन्या गाडीतला गिअरबॉक्स बसवला होता. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं एक प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. त्याला पिनियन म्हणतात. आतला शाफ्ट ते फिरवतो, ते केबल फिरवतं, आणि केबल काटा हलवते. शाफ्ट, पिनियन आणि मीटर एकमेकांना जुळलेले लागतात. एखाददुसरा दात कमी असला तरी चाक बसतं, फिरतं आणि काटा पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगत राहतो. वडिलांनी मेकॅनिकला फोन करून कुठलं पिनियन टाकलं होतं ते विचारलं.

"बेसी गयुं हतुं, काका," तो म्हणाला. "मीटर चाले छे ने? तो बस."

बसलं ना, मग झालं. शहरातला अर्धा धंदा याच न्यायाने चालतो आणि तक्रारही फारशी येत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. टायरवर खडूने खूण करायची. मीटरमागून केबल सोडवून तिच्या टोकाला कागदाची पट्टी चिकटवायची. गाडी ढकलायची आणि चाकाच्या ठरावीक फेऱ्यांत पट्टी किती वेळा फिरली ते मोजायचं. एका किलोमीटरला केबलने किती वेळा फिरायला हवं, तो आकडा मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. खडू माझ्या पर्समध्ये होता. शिक्षिकेच्या पर्समध्ये तो असतोच. ढकलायला मात्र माणसं लागतात, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे माणसं भरपूर येत होती.

अध्यक्ष आले ते शोकसंदेश घेऊन. मंडळाचा आधारवड कोसळला, असं त्यात लिहिलं होतं. आई मंडळात दोनदा गेली होती, दोन्ही वेळा हळदीकुंकवाला. त्यांनी कागद खिशात ठेवला, बाह्या दुमडल्या आणि सत्याबद्दलचं ते वाक्य म्हटलं. त्यांच्या शेजारी वडिलांचे बँकेतले दोन मित्र आणि खालच्या मजल्यावरचे गुजराती भाई होते. वडील आत बसून पट्टीकडे बघत मोजत. चुकलं की गाडी मागे घेऊन परत पहिल्यापासून. अशा भेटीला गेलेल्याने निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. त्यामुळे कोणी निरोप घेतला नाही, पार्किंगमधली माणसं नुसती कमी होत गेली. शेवटी मी आणि अध्यक्ष उरलो. तेही पाणी प्यायला म्हणून वर गेले आणि दुसऱ्या जिन्याने उतरून गेले असावेत.

मला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. पाणी तापलं का ते बोट बुडवून बघावं, तसं मी मधूनमधून स्वतःकडे बघत होते. तापलं नव्हतं.

दहाव्याला मुंडण करून आले त्याच दुपारी वडील भंगारवाल्याकडून मूठभर पिनियनं घेऊन आले. पांढरी, काळी, एक लाल. गाडीखाली सतरंजी टाकून त्यांनी जुनं काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी एका दातावर शाईचा ठिपका देऊन मोजले. चौदा. ढकलून काढलेल्या आकड्यावरून हवे होते सोळा. सोळाची तीन निघाली, त्यातलं शाफ्टशी नीट जुळणारं एकच होतं. ते बसवून आम्ही दोघांनी गाडी पुन्हा ढकलली. या वेळी आकडा तबकडीशी जुळला.

"म्हणजे साठ दाखवत होतं तेव्हा बावन्न," वडील म्हणाले. मग त्यांनी मामाला फोन लावला. "बावन्न होती. साठ नाही."

"जाऊ द्या ना दाजी. मी आपला बोलून गेलो."

"नाही, तू बरोबर बोललास. बावन्न."

फोन ठेवून त्यांनी तोंडीच हिशेब केला. आमच्या रस्त्याला साठ आणि बावन्न यांत फरक पडतो साधारण एका मिनिटाचा. डोक्यावर ग्रीसचं बोट उमटलेलं होतं. त्यांनी मला विचारलं, "एक मिनिट म्हणजे थोडं का गं?"

"मला माहीत नाही, बाबा."

काटा तपासायला म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढली. ते त्याच रस्त्याने निघाले. मी या वेळी पुढे बसले होते. रेल्वेच्या पुलावर काटा साठला लागला, आणि ते साठ खरे होते. गाडी थरथरत होती. पुढे उधन्यात सिग्नल लाल झाला आणि वडिलांनी गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी केली. सिग्नलवरचे आकडे नव्वदपासून खाली उतरायला लागले. कॅमेरे बसल्यापासून सुरतेत सगळेच थांबतात.

साठ-सत्तर आकडे उतरले. मग वडील म्हणाले, "त्या दिवशी इथं लाल होता का?"

"होता."

"मी थांबलो?"

"थांबलात."

"पुढच्याला?"

"तिथंही."

त्यांनी मान हलवली, भेटायला येणारे हलवायचे तशी. हिरवा झाल्यावर मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

घरी आल्यावर त्यांनी मला मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून बघायला सांगितलं. त्या दिवसाचं आमच्यावर सिग्नल तोडल्याचं एकही चलान नाही.