पिंपातली रिकामी जागा

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या घरात वितळत्या मेणाचा आणि अगरबत्तीचा वास एकमेकांत मिसळत असे, आणि त्या दोहोंच्या तळाशी, रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातून परतलेल्या बाबांच्या अंगाला कितीही साबण लावला तरी न सुटणारा लोखंडाचा वास. आई, मावशी, शेजारची माणसे, सगळे हात जोडून पंचशील म्हणत. बाबांचा आवाज सर्वांत भरदार. चार शीले ते मोकळ्या गळ्याने म्हणत आणि पाचवे, मद्यापासून दूर राहण्याचे, आले की गप्प होत. रविवारी ते पीत, आणि ते कुणापासून लपलेले नव्हते.

“काहून भाऊजी, पाचव्यालेच घसा बसते का तुमचा?” मावशीने एकदा सगळ्यांदेखत विचारले.

“खोटं बोलाचं नाही, हे आत्ताच चौथ्यात म्हनलं ना,” बाबा म्हणाले. “मंग पाचवं कोन्या तोंडानं म्हनू?”

सगळे हसले. मी मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत बसले.

इंग्रजी शाळेने मला लाज झाकायला शब्द दिले. शब्दकोश चाळताना असाच एक भेटला, ‘अलिज’. मद्याच्या पिंपात वरच्या बाजूला राहणारी रिकामी जागा. लाकडातून मद्य हळूहळू उडून जाते, कुणी न उघडलेले पिंपही थोडे रिते होते. त्या रितेपणाचे हे नाव. मूळ शोधत गेले तर जुन्या फ्रेंचमधून लॅटिनमधल्या डोळ्यापाशी पोहोचले. पिंपाच्या पोटावरचे, बूच बसवायचे भोक म्हणजे त्याचा डोळा. त्या डोळ्यापर्यंत मद्य ओतून तूट भरून काढणे, हा पहिला अर्थ. पुढे भरणे विसरून लोकांनी तो शब्द तुटीलाच चिकटवला. मला तूटच हवी होती. बाबांच्या मौनाला मी मनात अलिज म्हणू लागले. परक्या भाषेत ठेवली की लाज दुसऱ्या कुणाच्या घरची वाटते.

मग नव्या रायपुरात नोकरी लागली. तिथे रस्ते आणि दिवे आधी आले होते, माणसे यायची होती. एका दुपारी ऑफिसातल्या मुलीच्या नव्या फ्लॅटवर जेवण होते. कुणीतरी ग्लास हातात दिला, “ले लो दीदी, वाइन है, शराब थोड़ी है!” नाही म्हणायचे तर बोलावे लागले असते, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले असते. पिणे त्याहून सोपे होते. ऊन उतरताना बाबा न्यायला आले. मी काहीतरी बोलले आणि ते क्षणभर थांबले. माझ्या तोंडाचा तो वास त्यांना माझ्याहून अधिक ओळखीचा होता.

“वारा लागते, ओढनी बांधून घे,” एवढेच म्हणून त्यांनी स्कूटर सुरू केली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला चौथे शील म्हणून झाले आणि पाचव्याच्या पहिल्या अक्षरापाशी मी थांबले. मावशी शेजारीच होती. तिची मान माझ्याकडे वळू लागलेली मला दिसली. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, ‘सुरामेरय’पासून शेवटपर्यंत, स्पष्ट, कुठेही न अडखळणारा. मावशीची मान माझ्यावरून सरकून त्यांच्याकडे गेली.

आई खीर वाढत असताना मावशीला राहवेना. “आता व माय! खरंच सोडली का भाऊजी?”

बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. “हव,” ते म्हणाले, “सोडली.”

आई थबकली, मग पुढच्या वाटीकडे वळली. शेजारचे काका बाबांच्या पाठीवर थाप मारत होते आणि बाबा ती थाप एखाद्या अपराध्यासारखी सोसत होते. इतक्या टोमण्यांतून सांभाळलेले चौथे शील त्यांनी माझ्यासाठी दोनदा मोडले होते, आणि मोडल्याबद्दल त्यांचे कौतुक चालले होते. मी खीर खात राहिले. येत्या रविवारी ते आता कुठे बसतील, दार लावून घेतील का, आणि त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवताना मी कुठे पाहीन, मला कळत नव्हते.