निवटीच्या वाटेतले दगड

मशीनच्या बटणाकडे कोणाचा हात गेला की बाई मध्येच हात आडवा घालत आणि दुसऱ्या हातातला खडू पुढे करत. "आधी लिव, मगे बटण दाब. काय दिसतला, ता सांग गो." फळ्यावर अंदाज लिहिल्याशिवाय सुटका नसे.

मालवणजवळ खाडीकाठी आमची लहानशी प्रयोगशाळा; बाई तिच्या प्रमुख. चिखलात उड्या मारणारी निवटी मासळी आपलं बीळ कसं शोधते, हे आम्ही तिच्या मेंदूतल्या पेशींचे संदेश टिपून पाहायचो. बाई रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या, घरातल्या. "माझो बापूस पाणी बघल्याशिवाय रापण टाकी नाय," हे रोजचं ऐकणं. हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या बाई जरा जास्तच होत्या.

मग मुंबईहून मोठ्या प्रकल्पाचे साहेब आले. हजारो पेशींची नोंद करत राहायचं, अर्थ संगणक शोधेल. अंदाजबिंदाज आता जुने झाले, म्हणाले. निवटीच्या टाक्यांची खोली संगणकांना हवी होती. बाईंचा सगळा जीव त्या खोलीत. ती सोडण्याआधी त्यांनी एकच प्रयोग मागून घेतला आणि फळ्यावर लिहिलं: निवटी दगडांच्या खुणेने वाट ओळखते. दगड हलवले की ती चुकेल, पेशींचे संदेशही बदलतील.

आम्ही दगड हलवले. निवटी सरळ बिळात गेली. संदेशही जसेच्या तसे.

साहेब हसले. "चुकलात, बाई."

"चुकलंय!" साहेबांशी शुद्ध मराठीत बोलणाऱ्या बाई एकदम मालवणीवर आल्या. "पण दगड कित्या हलयले? माझो अंदाज होतो म्हणान! तुमची नोंद वर्सभर चलली असती, आणि दगड थंयच ऱ्हवले असते!"

खोली गेलीच. टाक्या पडवीत आल्या. बाईंनी तिथेही फळा टांगला आणि नवा अंदाज लिहिला: निवटी स्वतःच्या उड्यांवरून वाट लक्षात ठेवते. तो तपासायच्या आतच बाई वारल्या. मला अजून त्यांचा राग येतो, आणि रडूही.

परवा साहेब पडवीत आले. फळा पुसून तिथे प्रकल्पाचा तक्ता लावायचा होता. मी हात आडवा घातला.

"आधी ह्या चूक आसा ता दाखवा, मगे पुसा."

"ते कसं दाखवणार?"

"निवटीला अर्ध्या वाटेत उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं," मी म्हटलं. "उड्यांवरून वाट ठेवत असेल, तर ती चुकेल. तरी सरळ बिळात गेली, तर मीच पुसते."