माझं नाव तीनदा पुकारलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय—तेही धड ठाऊक नाही.

पाथर्डी फाट्याकडे आमच्या कॉलनीत एक सार्वजनिक बाग आहे. म्हणजे होती. ती एका बिल्डरला 'मनोरंजन केंद्रा'साठी द्यायचं महापालिकेत घाटत होतं. नकाशात पाहिलं तर काय—पत्त्यांच्या टेबलांचा भलामोठा हॉल! आम्ही त्याला सरळ कॅसिनोच म्हणायचो. पोरांच्या घसरगुंडीच्या जागी जुगाराचा अड्डा? अख्खी कॉलनी खवळली. मी तर सगळ्यांत जास्त. बोलायला काय जातं?

सगळ्यांत पुढे भोसले काका. देवळालीच्या तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बागेतले कडुनिंब त्यांनी बादल्या वाहून जगवलेले. त्यांनीच ठरवलं, प्रत्येकानं वेगळी हरकत कशाला द्यायची, एकच अर्ज करू, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि अर्जदार म्हणून माझं नाव. मी शाळेत तीस वर्षं शिकवलेलं ना! "बाई, तुम्हीच बोला. आपल्याला लय बोलता येत नाय," म्हणाले. मी केवढी फुशारले होते तेव्हा.

महापालिकेत सुनावणी होती, तिथं आत फक्त अर्जदारांना सोडलं. बाकी सगळे बाहेर फाटकाशी थांबले. नियम साधा होता—नाव पुकारलं की उठायचं आणि बोलायचं. कुणी उठलं नाही तर अर्ज बाद.

मी भाषण घोकत बसले होते. तेवढ्यात पुढच्या रांगेत नजर गेली. बिल्डरच्या शेजारी आमचे व्याही! लेकीचे सासरे, त्याच्याशी हसून बोलत बसलेले. लेकीच्या लग्नाला तीन महिने झाले होते. माझ्या मनानं घेतलं, हे भागीदार दिसतात. आता मी उठून ह्यांच्याच धंद्याला जुगार म्हणू?

मग माझं नाव पुकारलं.

मी खांबाआड सरकले. दुसऱ्यांदा पुकारलं. मी पदर सावरत बसले. तिसऱ्यांदा पुकारलं, आणि कारकुनानं खाली मान घालून 'गैरहजर' असं लिहिलं. तीस वर्षं मी पोरांची हजेरी घेतली. कुणी मनात 'हजर' म्हणालं तर कान धरायची मी! आणि स्वतः?

एवढ्यावरच थांबले असते तर एक भित्री बाई म्हणून सुटले असते. पण लगेच बाहेर आले, सगळे भोवती जमले, आणि माझ्या तोंडून निघालं की माझं नाव पुकारलंच नाही. किती सहज निघालं ते! माझं मलाच कळेना, हे बोललं कोण? भोसले काका तडक आत गेले, मागोमाग आम्ही. त्यांनी कारकुनाची कॉलर धरली. तो बिचारा सांगत होता, अहो, तीनदा पुकारलं हो. खरंच सांगत होता. भोसले काकांवर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. मी तिथंच उभी होते. 

पुढच्या रविवारी व्याही घरी आले. भागीदार कसले! त्यांनी स्वतंत्र हरकत दिली होती. बिल्डर जुना ओळखीचा निघाला म्हणून शेजारी बसले, आणि माझ्यानंतर त्यांचं नाव आलं तेव्हा उठून त्याच्या तोंडावर विरोध केला. एकट्याची हरकत म्हणून ती फेटाळली गेली. "विहीणबाई, तुमचं नाव तीनदा पुकारलं की. आला नव्हतात का?" त्यांनी विचारलं.

बरं नव्हतं, म्हणाले मी. हे दुसरं खोटं.

बागेला आता पत्र्याचं कुंपण आहे. कडुनिंब पडले. काकांच्या मात्र कोर्टात तारखा चालूच आहेत. परवा तारखेला जाताना ते आमच्याकडे डोकावले. हातात ती जुनी फाईल, अंगावर इस्त्रीचा शर्ट. वकील त्यांना म्हणतोय, त्या कारकुनाची माफी मागा आणि मोकळे व्हा.

"मी कशाला मागू माफी? बाई खोटं बोलायच्या नाहीत," काका म्हणाले.

मी त्यांना चहा दिला. साखर किती घालू, एवढंच विचारलं.