ऊन म्हण, धूप नव्हे

नानाकाका गेल्याचा काकूंचा धारहून फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही, राग आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही. माणूस हट्टानं जगतो हे ठाऊक होतं. हट्टानं मरतोही, हे माझ्या काकांनी दाखवलं.

ते रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर. कुक्षीपासून नालछ्यापर्यंत उभा जन्म उन्हात, उघड्या डोक्यानं. गोरा वर्ण, घारे डोळे, लवकर पडलेलं टक्कल. निवृत्तीनंतर त्या टकलावर आणि कानामागे खरखरीत तांबूस डाग उठले. मी देवासहून येऊन त्यांना इंदूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कर्करोग नाही, पण हयगय केली तर एखादा डाग त्या वाटेला जाऊ शकतो. आधी लेझरनं कातडीला बारीक छिद्रं पाडायची म्हणजे मलम आत मुरतं. मग वरून लाल दिवा धरायचा, त्या उजेडानं मलम बिघडलेल्या पेशी मारतं. टक्कल आज, कानामागचं पुढच्या खेपेला. दोन दिवस मात्र उन्हात जायचं नाही, कारण मुरलेलं मलम उन्हानंही पेटतं.

घरी येऊन मी बजावलं, "नानाकाका, दोन दिवस धूप बिल्कुल नको."

आम्ही हिंदी शाळेत शिकलेली पोरं बोलताना घसरायचो आणि काका भरल्या ताटावरही टोकायचे, "ऊन म्हण. धूप देवापुढे जाळतात." दुसऱ्या दिवशी पाहते तर देवघरातली धूपदाणी थंड, आणि हे गच्चीवर! सूर्याला अर्घ्य देऊन तिथेच उघड्या डोक्यानं पेपर वाचत बसलेले. मी जाब विचारला तर शांतपणे म्हणाले, "धूप नको म्हणालीस, बंद केला. उन्हाचं कुठे बोललीस?"

जन्मभर मजुरांशी हिंदी-माळवी बोललेला माणूस हा! संध्याकाळपर्यंत टक्कल लालबुंद, डोळे सुजून मिटलेले. खापर फोडलं डॉक्टरीणबाईंवर, आणि पुढच्या खेपेला गेलेच नाहीत. मी विनवलं, भांडले, अबोला धरला... पालथ्या घड्यावर पाणी. मी आणलेली रुंद काठाची टोपी खुंटीवरच राहिली. टकलावरचे डाग गेले ते गेलेच. कानामागचा एक मात्र वाढत गेला, त्याची गाठ झाली, ती मानेत उतरली. मग ऑपरेशनं झाली, सगळं झालं, पण उशिरा.

शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं गं, तू काय म्हणत होतीस ते."

जळ्ळं मेलं ते कळणं.

परवा धारला गेले. टोपी अजून खुंटीवरच आहे. दुपारी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर खिडकीतून ऊन आलं होतं. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "काकू, धूप येतेय, खिडकी लावू?"

"लाव गं," काकू म्हणाल्या, "फार तेज धूप आहे."

आम्ही दोघी जरा थांबलो... कोणी टोकलं नाही.